पेट्रोल पोचत नव्हतं



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे हिच्या डोळ्याचं चालू होतं आणि त्यातच आमच्या गाडीने संप पुकारला. पुण्याहून बहीण दोनदा फोनवर म्हणाली, "दादा, काही लिहिलं नाहीस रे." तर आज गाडीवरच लिहितो. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे यंत्राबद्दल मी काही लिहावं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण गोष्ट नुसती यंत्राची नाही. शेवटपर्यंत वाचा म्हणजे कळेल.

आमची गाडी २००९ सालची, लहानशी, पेट्रोलवरची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतली. पंधरा वर्षं झाली तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता काढून टाका." मी ऐकलं नाही. आरटीओत जाऊन फेरनोंदणी करून आलो. सांगली ते मिरज आणि मिरज ते सांगली, याच्यापलीकडे ती फारशी जात नाही. हिच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, म्हणून दर महिन्याला मिरजेला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला न्यावं लागतं. गाडीचा खरा उपयोग तेवढाच. पण तेवढा आहे.

त्या सोमवारी सकाळी नऊची वेळ मिळाली होती. ही तयार होऊन बसली, काळा चष्मा लावून. मी चावी फिरवली. घुर्रर्र घुर्रर्र घुर्रर्र... आणि काही नाही. परत फिरवली. परत तेच. इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. पाच-सहा वेळा केलं, मग ही म्हणाली, "अहो, राहू दे. रिक्षा बोलवा." रिक्षाने गेलो, रिक्षाने आलो. येताना तिच्या डोळ्यावर पट्टी होती आणि प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात घट्ट धरत होती. काही बोलली नाही. न बोलण्याची तिची एक पद्धत आहे, ती मला बावन्न वर्षांत चांगली कळायला लागली आहे.

त्यानंतरचे तीन दिवस सल्ल्यांचे. आजारी माणूस आणि बंद पडलेली गाडी या दोन गोष्टींबद्दल आपल्याकडे प्रत्येकाला ज्ञान असतं. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले साहेब म्हणाले, "बॅटरी. शंभर टक्के बॅटरी." चिरंजीवांनी फोनवरून सांगितलं, "सेल्फ गेला असणार." भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, त्यात चावीतल्या चिपचा दोष दाखवला होता. दूधवाल्याचं मत पडलं की उंदराने वायर खाल्ली.

मी बॅटरी बदलली. खरं सांगायचं तर काहीतरी केल्याचं समाधान पाहिजे होतं. साडेचार हजार रुपये गेले. नवी कोरी बॅटरी लावून चावी फिरवली. घुर्रर्र घुर्रर्र, आधीपेक्षा जास्त जोरात. आणि पुढे तेच, काही नाही. शेजारचे साहेब म्हणाले, "मग दुसरं काहीतरी असणार." आणि पेपर वाचायला आत गेले.

चौथ्या दिवशी मिस्त्री आले. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल, स्कूटरच्या डिकीत हत्यारांची पिशवी. मला वाटलं, आता बॉनेट उघडून खाटखूट सुरू करतील. ते पायरीवर बसले, चहा घेतला आणि प्रश्न विचारायला लागले. शेवटची गाडी कधी चालली? बंद करताना नीट बंद झाली, की धक्के मारत होती? चढाला दमायची का? टाकीत पेट्रोल किती असतं? मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. चढाचं आठवलं. महिनाभर पुलाच्या चढावर गाडी जरा अडखळत होती. मी समजत होतो, म्हातारी झाली.

मग ते म्हणाले, "सर, चावी फिरवा." मी फिरवली. त्यांनी नुसतं ऐकलं. "बस. सेल्फ जोरात फिरतोय. म्हणजे बॅटरीबी चांगली, सेल्फबी चांगला. बॅटरी कशाला बदलली?"

मी गप्प.

"इंजिनाला तीन गोष्टी लागतात, सर. हवा, पेट्रोल आणि ठिणगी. हवा फुकट हाय. राहिल्या दोन. त्यातली कुठली येईना, ते बघायचं. सगळ्यात आधी सोपं बघायचं, मग अवघड."

सोपं म्हणजे टाकीत पेट्रोल आहे का. काटा रिझर्व्हच्या जरा वर होता. पण काटाही खोटं बोलू शकतो, म्हणून त्यांनी मला कॅनमधून दोन लिटर आणून ओतायला लावलं. गाडी सुरू झाली नाही. म्हणजे पेट्रोल होतं. मग चार-पाच वेळा सेल्फ मारून त्यांनी एक प्लग काढला आणि मला हुंगायला दिला. "वास येतोय का?" नाही. प्लग कोरडा ठणठणीत. "पेट्रोल आत येत असतं आणि ठिणगी नसती, तर हा ओला निघाला असता." तरी ठिणगीही तपासली. ती होती. म्हणजे राहिलं एकच. टाकीत पेट्रोल आहे, इंजिनापर्यंत पोचत नाही. "आता वाटेत कुठं थांबतंय, तेवढं शोधायचं."

आमच्या स्कूटरच्या काळात हे सोपं होतं. टाकी वर, इंजिन खाली, मधे एक नळी आणि एक कॉक. पेट्रोल आपल्या वजनाने उतरायचं. नाही उतरलं तर स्कूटर आडवी करायची, मग किक मारायची. निम्म्या महाराष्ट्राने हा व्यायाम केला असेल. २००० सालाच्या आसपास आपल्याकडच्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्शनची पद्धत आली. आता टाकी मागे, इंजिन पुढे. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेली एक विजेची मोटर असते. ती पेट्रोल दाबाने पुढे ढकलते. वाटेत फिल्टर, आणि शेवटी बारीक भोकांचे इंजेक्टर, ते पेट्रोलचा फवारा मारतात. यातल्या कुठल्याही ठिकाणी अडलं तरी वरून लक्षण एकच दिसतं. गाडी सुरू होत नाही.

मिस्त्री म्हणाले, "चावी नुसती ऑन केली, सेल्फ मारायच्या आधी, तर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक आवाज येतो. मोटर दाब करून ठेवते. तो आवाज येतोय का बघू." मी मागच्या सीटवर बसलो, मिस्त्रींनी चावी ऑन केली. मला काही ऐकू आलं नाही. पण मला तसंही हल्ली फारसं ऐकू येत नाही. मिस्त्रींच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी दारात उभ्या असलेल्या हिला विचारलं, "काकू, तुम्हाला येतोय का बघा जरा."

ही जिथे होती तिथूनच म्हणाली, "तो गुंऽऽ असा यायचा तो आवाज? तो सोमवारपासून येत नाही. त्याच्या आधी महिनाभर वेगळाच यायचा, घोगरा."

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"मग सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मंडळी, हिच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून तिचे कान फार तिखट झालेत. फाटक वाजलं की कोण आलं ते सांगते. गाडीत माझ्या शेजारी बसून ती रोज तो आवाज ऐकत होती. मी चार दिवस सगळ्या गावाला विचारलं, व्हिडिओ बघितले, साडेचार हजार घालवले. गाडीत बसणाऱ्या दुसऱ्या माणसाला तेवढं विचारलं नाही.

पुढचं काम मग सरळ होतं. पण मिस्त्रींनी घाई केली नाही. मोटरीचा आवाज नाही म्हणजे मोटर गेली असं लगेच म्हणायचं नाही. कदाचित तिच्यापर्यंत वीजच जात नसेल. त्यांनी फ्यूज काढून उजेडात धरला, तार शाबूत होती. रिले काढून त्याच्या जागी हॉर्नचा तसलाच रिले लावला. फरक नाही. मागची सीट उचलली, खाली पत्र्याचं झाकण, त्याखाली मोटरीची वायर. तिथे टेस्टरचा दिवा जोडला आणि मला चावी ऑन करायला सांगितली. दिवा दोन सेकंद लागला आणि विझला. "बघा सर, वीज येती. मोटर फिरत नाही." मग ते गाडीखाली गेले आणि मला सेल्फ मारायला सांगून टाकीला खालून तळहाताने दोन-चार थापा मारल्या. घुर्रर्र... आणि गाडी सुरू झाली! मी टाळ्याच वाजवणार होतो. अर्ध्या मिनिटाने परत बंद. "अडकलेली मोटर थापेनं कधीकधी एकदा फिरती. पण आता हिच्यावर भरवसा नाही. काकूंना घेऊन रस्त्यात उभं राहाल."

(आवाज येतो आणि तरीही गाडी सुरू होत नाही, असं असेल तर मोटरीला दोष देऊ नये. मग फिल्टर तुंबलाय का, दाब पुरेसा आहे का, इंजेक्टर उघडतात का, हे बघायचं. दाब मोजायचं घड्याळ त्यांच्या पिशवीत असतं. हे मी त्यांना विचारून लिहून घेतलं. आणि एक कळकळीची विनंती, टाकी किंवा पेट्रोलची नळी घरी स्वतः उघडू नका. नळीत दाब राहिलेला असतो, पेट्रोल अंगावर उडतं, आणि वाफेला एक ठिणगी पुरते. मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर काढली, गाडी उघड्यावर घेतली आणि शेजारच्या साहेबांना सिगारेट घेऊन लांब पाठवलं.)

मोटर बाहेर काढली. तिच्या तळाची जाळी गाळाने काळी झाली होती. मिस्त्रींनी ती माझ्यापुढे धरली. "सर, तुम्ही गाडी कायम रिझर्व्हवर चालवता."

प्रश्न नव्हता तो. मी कबूल केलं. पाचशेचं पेट्रोल टाकायचं, संपत आलं की परत पाचशेचं. पगाराच्या काळातली सवय. टाकी फुल करायची म्हणजे महिन्याच्या सुरुवातीलाच सगळे पैसे एका जागी घालवल्यासारखं वाटायचं. पेन्शन वेळेवर येते, तरी सवय सुटत नाही.

"ही मोटर पेट्रोलमध्ये बुडलेली असती तेव्हाच गार राहती," ते म्हणाले. "टाकी रिकामी ठेवली की ती तापती. आणि तळाचा गाळ वढती. उपाशी ठेवून कामाला लावायचं आणि मग म्हणायचं, ही काम करत नाही."

तुम्हाला सांगतो, हे शेवटचं वाक्य तो माणूस सहज बोलून गेला आणि नवीन मोटर बसवायच्या कामाला लागला. मी मात्र तिथे उभा राहू शकलो नाही. आत येऊन बसलो.

१९८३ची दिवाळी झाल्यानंतरची गोष्ट. मी कृष्णाकाठच्या एका गावात हायस्कुलात होतो. साखर कारखाना जवळ. हंगाम सुरू झाला की बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी त्यांची मोजदाद. त्यांची पोरं शाळेत यायचीच नाहीत. पण त्या वर्षी एक मुलगा आला, पाचवीच्या वर्गात. हजेरीपटावर नाव नव्हतं, तरी हेडमास्तरांनी "बसू दे" म्हटलं, म्हणून बसला. शेवटच्या बाकावर.

दुसऱ्या तासाला तो झोपायचा. रोज. विचारलं तर उत्तर नाही. फळ्याकडे नुसता बघत राहायचा. मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं. बाकावर उभं केलं. शब्द दहा-दहा वेळा लिहायला दिले. छडीही मारली, एकदा नव्हे. आणि एक दिवस वर्गासमोर म्हणालो, "हा ढ आहे, याच्या डोक्यात काही शिरायचं नाही." मुलं हसली. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो होतो. एकामागून एक बॅटऱ्या बदलत होतो मी.

शेवटी आमच्या शिपाईमामांनी मला बाजूला घेतलं. "सर, त्ये पोर उपाशी येतंय. आईबाप रातच्याला तीनला गाडी जुपून फडात जात्यात. सांजच्याला आल्यावर चूल पेटती." पोटात काही नाही आणि पहाटेपासून धाकट्या बहिणीला सांभाळून अकराला शाळेत. झोपणार नाही तर काय करणार?

तेव्हा शाळेत जेवण नव्हतं. केंद्राची पोषण आहाराची योजना १९९५ साली आली, तीही प्राथमिकच्या मुलांसाठी आणि बऱ्याच ठिकाणी नुसता तांदूळ घरी न्यायला. शिजवलेलं अन्न सरकारी शाळांतून द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ सालचा. याला मधे सतरा-अठरा वर्षं होती.

मी घरी सांगितलं. आमची खोली शाळेला लागूनच होती. ही म्हणाली, "उद्यापासून शाळेच्या आधी इकडे पाठवा." दोन भाकरी, आमटी, असेल ते. बहीणही यायची त्याच्याबरोबर. आठवड्याभराने तो वर्गात जागा राहायला लागला. आणि एक दिवस मी धड्याचा उतारा वाचायला कोणी तयार आहे का विचारलं, तर तो उभा राहिला. घडाघडा वाचला. एक जोडाक्षर चुकला नाही. त्याला वाचता येत होतं, मंडळी. आधीपासून येत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या परत गेल्या. तो पुन्हा दिसला नाही. मी त्याला "चुकलो रे" असं म्हणालो नाही. तेव्हा मास्तर असं म्हणायचे नाहीत.

हे सगळं आठवत बसलो होतो तेवढ्यात ही आत आली. मी विचारलं, "तो ऊसतोडीवाल्यांचा मुलगा आठवतो का गं?" तिने लगेच नाव सांगितलं. त्याचंही आणि बहिणीचंही. मला नाव आठवत नव्हतं. आठवत नव्हतं म्हणजे काय, मला ते कधी माहीतच नव्हतं. हजेरीपटावर नव्हतं ना. हिने पहिल्या दिवशी भाकरी वाढताना विचारलं होतं.

नाव इथे लिहीत नाही. तो आता पन्नाशीचा असेल, मिस्त्रींच्याच वयाचा. त्याचं त्याच्यापाशी राहू दे.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मिस्त्रींनी मोटरीबरोबर रबराचं सील बदललं, नळ्याही बघितल्या. म्हणाले, जुन्या गाड्यांचं रबर आता अधूनमधून बघत जा, पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२५ साली आपल्याकडे वीस टक्क्यांपर्यंत मिसळायचं उद्दिष्ट गाठलं. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. मोटर गेली ती मात्र इथेनॉलमुळे नव्हे, माझ्या पाचशेच्या नोटेमुळे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. इथेनॉल मक्यापासून होतं, तांदळापासून होतं, आणि आपल्याकडच्या कारखान्यांत उसापासून. म्हणजे कोणीतरी पहाटे तीनला उठून तोडलेला ऊस माझ्या टाकीत असतो. हे मला आजवर सुचलं नव्हतं.

चिरंजीवांना रात्री फोन केला. म्हटलं, गाडी सुरू झाली, काढायची नाही. तो म्हणाला, "बॅटरीच होती ना?" मी म्हटलं, "नाही रे बाबा. तुझ्या आईला विचार."

असो. आता पाव टाकीच्या खाली काटा जाऊ देत नाही, मन मोठं करून हजाराचं टाकतो. मिरजेच्या दोन फेऱ्या झाल्या. चावी ऑन केली की सेल्फ मारायच्या आधी मी थांबतो. मला तो आवाज ऐकू येत नाही. ही काळा चष्मा लावून शेजारी बसलेली असते, मान जरा मागे वळवते आणि म्हणते, "आला."

मग मी गाडी सुरू करतो.